दिवाणखान्यातला मोठा पडदा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत साडेआठ फूट अंतर आहे. सध्याचा ४३ इंची टीव्ही जुना झाल्याने आता मोठा आणि उत्तम प्रतीचा टीव्ही घ्यायचे ठरवले आहे. रात्री आम्ही दोघे चित्रपट पाहतो, मुलगा प्लेस्टेशन ५ वर खेळतो आणि माझे सासरे सकाळी सातपासून जेवणाची वेळ होईपर्यंत मराठी बातम्यांची वाहिनी लावून बसतात. दुकानदार ६५ इंची ओलेड घ्या म्हणतो, तर माझ्या भावाच्या मते ७५ इंची मिनी-एलईडी घ्यावा. टीव्हीच्या समोरच्या भिंतीत पूर्वेची खिडकी आहे. काय घ्यावे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती इंचांची नाही, तर सासऱ्यांच्या बातम्यांची आहे, आणि दुकानात ती कोणी विचारली नसावी.

ओलेड पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. मागे दिवा नसल्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. दिवे मालवलेल्या खोलीत चित्रपटाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या कुठे संपल्या आणि भिंत कुठे सुरू झाली हेही कळत नाही. केवळ रात्री, अंधारात चित्रपट पाहणाऱ्याने दुसरे काही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु हे ठिपके ज्या सेंद्रिय संयुगांपासून बनतात ती वापराने झिजतात, आणि जो ठिपका अधिक वेळ, अधिक प्रखर उजळतो तो शेजाऱ्याच्या आधी झिजतो. आता आपल्या कोणत्याही वृत्तवाहिनीचा पडदा डोळ्यांसमोर आणा : वरच्या कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली लाल पट्टी, तिच्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांतला मथळा, त्याखाली आणखी एक सरकती पट्टी आणि कडेला घड्याळ. सरकत्या अक्षरांचे तितकेसे भय नाही. भय आहे ते तासन्‌तास एकाच जागी उभ्या राहणाऱ्या चौकटींचे. रोजचे सहा तास म्हणजे वर्षाचे २,१९० तास त्याच जागी तीच चौकट. माझ्या परिचयाच्या एका घरी तीन वर्षे असाच वापर झाला होता. एके संध्याकाळी तेथे फुटबॉलचा सामना लावला, तेव्हा हिरव्या मैदानाच्या तळाशी बातम्यांच्या पट्टीची कड मळकट सावलीसारखी उमटलेली होती आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह ओळखता येत होते. ती सावली पुन्हा गेली नाही. नव्या टीव्हींमध्ये चित्र किंचित सरकवणे, स्थिर चिन्हे आपोआप मंद करणे असे उपाय असतात आणि त्यांचा उपयोगही होतो; मात्र त्यांनी झीज लांबते, थांबत नाही. अशी छाप अनेक हमीपत्रांत वगळलेली असते, म्हणून पैसे देण्यापूर्वी हमीपत्रातील ते कलम स्वतः वाचावे.

मिनी-एलईडी हा मुळात एलसीडीच, म्हणजे मागच्या दिव्यांच्या उजेडावर चित्र दाखवणारा पडदा. फरक इतकाच की पडद्यामागे हजारो बारीक दिवे असतात आणि ते गटागटाने मंद किंवा तेज होतात. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. दिव्यांचे गट हजार आहेत असे धरले, तरी एका गटाच्या वाट्याला आठ हजारांवर ठिपके येतात. म्हणूनच काळ्याकुट्ट दृश्यात पांढरी सबटायटल्स आली की त्यांच्याभोवती फिकट धुके दिसते. गट जितके अधिक आणि त्यांचे नियंत्रण जितके कुशल, तितके हे धुके कमी. याच्या मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात : बातम्यांच्या पट्टीची छाप पडण्याची चिंता राहत नाही, आणि दिवसाच्या उजेडाला पुरून उरेल इतके तेज मिळते. तुमची खिडकी पडद्याच्या नेमकी समोर असल्याने सकाळच्या उन्हात हे तेज कामी येईल. ओलेडमधील क्यूडी-ओलेड हा प्रकार रंगांना अतिशय सुंदर आहे, पण खोलीत उजेड असेल तर त्याचा काळा रंग किंचित जांभळट-करडा दिसू लागतो. तुमच्या खोलीसाठी तो मी सुचवणार नाही. तंत्र कोणतेही निवडा, त्या खिडकीला जाड पडदा लावावाच लागेल.

सासऱ्यांसाठी त्यांच्या खोलीत ३२ इंची साधा टीव्ही लावला तर ओलेड निर्धास्तपणे घेता येईल, हे खरे आहे. मात्र त्यांना घरातल्या माणसांच्या जा-ये मध्ये दिवाणखान्यात बसणे आवडत असेल, तर टीव्हीच्या सोयीसाठी त्यांना आत बसवणे मला पटत नाही. वस्तू घराच्या दिनक्रमात बसली पाहिजे. तेव्हा तुमच्या भावाचा सल्ला योग्य आहे.

आता आकार. साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २६० सेंटिमीटर अंतरावरून ६५ इंची पडदा नजरेचा साधारण ३१ अंशांचा कोन व्यापतो आणि ७५ इंची साधारण ३५ अंशांचा. चित्रपटासाठी किमान ३० अंश हवेत असे मानतात, आणि ४० अंशांना चित्रपटगृहातल्या मधल्या रांगेचा अनुभव येतो. म्हणजे ७५ इंच तुमच्या खोलीला मोठा होणार नाही. आकड्यांवर विसंबायचे नसेल तर १६६ सेंटिमीटर रुंद आणि ९३ सेंटिमीटर उंच एवढ्या जागेत भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चिकटवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. घरातल्या प्रत्येकाचे मत आपोआप कळेल. पाने लावताना उंचीही ठरवून टाका. आपल्याकडे टीव्ही देवाच्या तसबिरीसारखा उंच टांगायची पद्धत पडली आहे आणि मग तीन तासांच्या चित्रपटानंतर मान आखडते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर येतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असावा, म्हणजे ७५ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर येते.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एखादे अंधारे दृश्य घेऊन जा, विक्रेत्याला 'व्हिव्हिड' हा भडक रंगांचा मोड काढून चित्रपटाचा मोड लावायला सांगा, आणि मग समोरून व बाजूने असे दोन्हीकडून पाहा. बऱ्याच मिनी-एलईडी टीव्हींचे रंग बाजूने पाहताना फिके पडतात. तुमच्याकडे कोणी बाजूच्या दिवाणावर बसून पाहत असेल तर ही परीक्षा टाळू नका. खोके उभेच न्यावे लागते, आडवे केल्यास पडद्याला तडा जाऊ शकतो, म्हणून लिफ्टच्या दाराचे माप आधीच घ्या. किमतींबद्दल एवढेच, की ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीच्या कोटेशनशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : महिन्यापूर्वी महागडा टीव्ही घेतला. चित्र अतिशय स्पष्ट आहे, पण कोणताही चित्रपट लावला तरी तो दूरदर्शनवरच्या मालिकेसारखा दिसतो. यजमानांना हा माझा भास वाटतो. टीव्हीत दोष आहे का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : तुमचा भास नाही आणि टीव्हीतही दोष नाही. तुमची नजर चांगली आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींत, म्हणजे २४ स्थिर चित्रांत, चित्रित होतो आणि मालिका बहुधा त्याच्या दुप्पट गतीच्या व्हिडिओवर. आपल्या डोळ्यांना २४ चौकटींच्या त्या किंचित विलंबित, स्वप्नवत हालचालीची सवय आहे. तिच्यावरूनच आपण 'हा सिनेमा आहे' असे ओळखतो. नवे टीव्ही मात्र दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी भरतात आणि हालचाल गुळगुळीत करतात. क्रिकेटचा चेंडू पाहताना ते ठीक वाटते. चित्रपटात मात्र अभिनेत्याच्या चेहऱ्यावरची सगळी जादू जाते आणि आपण चित्रीकरणाच्या सेटवर उभे आहोत असे वाटू लागते. दिग्दर्शकाने ठरवलेली हालचाल यंत्राने बदलावी, हे मला मुळीच मान्य नाही.

सेटिंग्जमध्ये पिक्चर हा विभाग उघडा. हालचाल गुळगुळीत करण्याच्या या सोयीला सोनीत मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. ती बंद करा. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. तो तुमच्या टीव्हीत असेल तर एकाच निवडीत हे सगळे बंद होते आणि रंगही दिग्दर्शकाने पाहिले होते तसे येतात. नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही हा मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर आणि मंद वाटेल. डोळे दुकानातल्या निळसर पांढऱ्याला सरावलेले असतात, म्हणून तसे होते. तिसऱ्या दिवशी जुना मोड लावून पाहा, तेव्हा चेहरे निळे दिसतील.

तुमचा टीव्ही ओलेड असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ओलेडचे ठिपके क्षणार्धात बदलतात, त्यामुळे कॅमेरा हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे वळतो त्या दृश्यांत चित्र किंचित अडखळल्यासारखे वाटू शकते. तसे फारच खटकले तर ही सोय पूर्ण बंद न ठेवता अगदी खालच्या पायरीवर ठेवावी.

प्रश्न : आमच्या घरी रात्री झोपताना सगळी बटणे भिंतीवरून बंद करण्याची शिस्त आहे. नव्या ओलेड टीव्हीच्या बाबतीत मुलगा म्हणतो की भिंतीवरचे बटण बंद करू नका. वीज वाया का घालवायची? शिवाय वळवाच्या पावसात विजा फार पडतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची शिस्त मोलाची आहे, पण या एका यंत्रापुरते मुलाचे ऐका. ओलेड टीव्ही काही तास चालून रिमोटने बंद झाला की तो आतल्या आत पडद्याची तपासणी करतो, ठिपक्यांच्या झिजेतला फरक मोजतो आणि तो भरून काढतो. अनेक टीव्हींत हे काम एकूण चार तासांच्या वापरानंतर होते आणि काही मिनिटे चालते. भिंतीवरचे बटण रोज लगेच बंद केले तर हे काम कधीच पुरे होत नाही आणि पडद्यावर छाप राहण्याचा धोका वाढतो. रिमोटने बंद केलेला टीव्ही फारच थोडी वीज खातो.

विजांच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे बरोबर आहे. आभाळ गडगडू लागले की प्लगच काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही; आणि डिशची किंवा केबलची तार, तसेच इंटरनेटची तार हीसुद्धा काढावी, कारण विजेचा झटका अनेकदा त्याच वाटेने येतो. एखाद्या रात्रीची तपासणी हुकली तर बिघडत नाही, ती पुढच्या रात्री होते. स्टॅबिलायझर घ्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर साधारण चढउतार तो स्वतः सोसतो. त्यापेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे साधन) आणि घराचे अर्थिंग यांवर खर्च करा. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचाही फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : खोक्यावर 'एचडीएमआय २.१' असे छापलेला टीव्ही घेतला, तरी प्लेस्टेशन ५ वर १२० हर्ट्‌झचा पर्याय दिसत नाही. साउंडबारही जोडलेला आहे. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एचडीएमआय २.१ ही टीव्हीला इतर यंत्रे जोडणाऱ्या तारेची आणि छिद्राची एक आवृत्ती. तिच्यातील बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे हा आकडा छापलेला असूनही ४के चित्र सेकंदाला १२० वेळा, म्हणजे १२० हर्ट्‌झने घेण्याची क्षमता टीव्हीत नसू शकते. प्रथम माहितीपत्रकात '४के १२० हर्ट्‌झ', 'व्हीआरआर' (गेमच्या गतीप्रमाणे पडद्याची गती बदलणे) आणि 'एएलएलएम' (गेम सुरू होताच कमी विलंबाचा मोड आपोआप लागणे) हे तीन शब्द स्पष्ट लिहिले आहेत का ते पाहा. असतील, तर बहुधा चूक छिद्राची आहे. पुष्कळ चांगल्या टीव्हींत चार एचडीएमआय छिद्रांपैकी दोनच पूर्ण क्षमतेची असतात आणि त्यांतलेच एक ई-आर्कचे, म्हणजे साउंडबारचे असते. तो बार तेथे आणि प्लेस्टेशन तिसऱ्याच छिद्रात, असे झाले असण्याची शक्यता अधिक. उरलेल्या पूर्ण क्षमतेच्या छिद्रात प्लेस्टेशन लावा, सोबत आलेलीच केबल वापरा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या छिद्रापुरता 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम पर्याय सुरू करा. तो अनेकदा कारखान्यातून बंदच येतो. एवढे करून, १२० हर्ट्‌झला साथ देणारा गेम आहे ना, तेही पाहून घ्या, कारण सगळे देत नाहीत.

तुम्ही अजून गेम मोड लावला नसेल तर तो आजच लावा. ६० हर्ट्‌झला एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते आणि १२० हर्ट्‌झला ८.३, परंतु टीव्ही चित्र सजवण्यातच १०० मिलिसेकंद घालवत असेल तर हा सगळा लाभ व्यर्थ जातो आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. गेम मोडमध्ये ती सजावट थांबते. डॉल्बी व्हिजनसाठी (उजेड-अंधार आणि रंग अधिक खुलवणाऱ्या 'एचडीआर' चित्राचा एक प्रकार) मात्र जास्त पैसे मोजले नाहीत म्हणून हळहळू नका, प्लेस्टेशन ५ त्याचा वापरच करत नाही. ते महत्त्वाचे आहे ते ओटीटीवरच्या चित्रपटांसाठी. शेवटी प्लेस्टेशनच्या सेटिंगमधील 'अ‍ॅडजस्ट एचडीआर' हा पर्याय उघडा आणि पडद्यावरचे चिन्ह जेमतेम दिसेनासे होईल तिथपर्यंत प्रत्येक पायरी नेऊन ठेवा. हे काम टीव्ही गेम मोडमध्ये असतानाच करावे, कारण दुसऱ्या मोडमध्ये केलेली मापे येथे लागू पडत नाहीत.