'एन्हान्समेंट' लिहिलं आणि अख्खा हंगाम गेला

भाऊ, गावच्या विहिरीसाठी कंपनीकडे इंग्रजीत प्रस्ताव द्यायचाय, त्यात 'इम्प्रूव्ह' लिहू की 'एन्हान्स', असं तुम्ही विचारलंय. मी नेमका इथंच अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आमचा गोंदिया जिल्हा, गावात जुना मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातला. त्याचं तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी, फुटलेलं. तणस आणि चिखल कोंबला तरी रात्रभर पाणी वाहून जायचं. मागणी एवढीच होती की तुडूम दुरुस्त करा, गाळ काढा. पण शीर्षकात मी 'एन्हान्समेंट ऑफ टँक' लिहिलं. शब्द वजनदार वाटला. एन्हान्स म्हणजे आधीच चांगलं आहे त्यात भर घालणं. ना-हरकतीसाठी कागद ज्या कार्यालयात गेला, तिथं अर्थ निघाला की पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, उंची वाढणार. म्हणजे बुडीत क्षेत्र वाढणार, तर वरच्या शेतकऱ्यांची संमती आणा! पाळीला हातही लावत नाही म्हणून सांगितलं, तर "कागदावर काय आहे ते बोला." शीर्षक बदलून आणा, एवढं एकानंही सांगितलं नाही. खेपा घालता घालता पाऊस लागला, काम राहिलं, आणि धान निसवायच्या वेळी तलाव रिकामा. लोंब्या पोचट राहिल्या. तो राग अजून गेला नाही.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही, बोलताना लोक हे शब्द सैल वापरतातही. पण कागदावर माझं मत पक्कं आहे. कठडा पडला तर रिपेअर. जुनं बांधकाम नव्यासारखं करायचं तर रिनोव्हेट. बुजलेली विहीर पुन्हा पाण्यावर आणायची तर रिस्टोअर. जलसाठ्यांच्या केंद्रीय योजनेच्या नावातच, २००५ पासून, हे तिन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत. एकानं भागत असतं तर तीन कशाला लिहिले असते? अपग्रेड यंत्राला शोभतं, ३ एचपीचा पंप काढून ५ चा बसवला तर. इम्प्रूव्ह चूक नाही, पण काय आणि किती ते सांगत नाही, म्हणून शीर्षकात नकोच.

जाता जाता, सातबाऱ्यात नुसती लेखनचूक असेल तर अर्जात 'बदल' लिहू नका, 'दुरुस्ती' लिहा. महसूल संहितेचं कलम १५५ त्यासाठीच आहे.

आणि इंग्रजीला हात लावायच्या आधी काय मोडलंय ते मराठीत एका ओळीत लिहून काढा. तुमच्या विहिरीचं काय, कठडा ढासळलाय की झराच बुजलाय? ते इथं टाका, शीर्षक मी सुचवतो.