आधी पट्ट्याचे माप

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. पोलीस भरतीचा अभ्यास नीट चालला आहे, गोळा जड जात नाही, शंभर मीटरही जमते, पण आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत छाती इतकी दुखते की हात आपोआप छातीशी येतात, असे तू लिहिलेस. मैदानावरची मुले बघतात म्हणून एकावर एक दोन ब्रा आणि त्यावर घट्ट बनियन घालतेस, तरी दुखणे थांबत नाही आणि वर श्वासही पुरत नाही. शेवटी तू विचारलेस की, आपले शरीरच धावण्याजोगे नसेल तर हा नाद सोडून द्यावा का.

सोडायचा नाही. तुझ्या शरीरात काहीही चुकलेले नाही. चुकलेले आहे ते अंगातल्या ब्राचे माप, आणि ते मी तू स्वतःच कळवलेल्या आकड्यांवरून सांगते आहे. छातीखाली साडेअठ्ठावीस इंच, छातीवर सदतीस इंच, आणि अंगात ३६ बी. हे तीन आकडे एका ओळीत लिहिताना तुझा हात थांबायला हवा होता. साडेअठ्ठावीस इंचांच्या पिंजऱ्याभोवती छत्तीसचा पट्टा धरणार कशाला?

म्हणून पहिली गोष्ट ही, आणि या पत्रात ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी पट्टा, मग कप. ब्रावरचा आकडा छातीच्या घेराचा नसतो, तो छातीखालच्या पट्ट्याचा असतो. पुढचे अक्षर त्या पट्ट्याच्या मापात आणि छातीच्या मापात किती इंचांचे अंतर आहे तेवढेच सांगते. एक इंच अंतर असेल तर ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, आणि त्यापुढे ब्रिटिश पद्धतीने पाचला डीडी, सहाला ई, सातला एफ. याचाच अर्थ असा की ‘डी’ म्हणजे फार मोठे आणि ‘बी’ म्हणजे बेताचे, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे, कारण आकड्यावाचून अक्षराला काहीच अर्थ नाही. ३६ बी, ३४ सी, ३२ डी आणि ३० डीडी या चौघींच्या कपात मावणारा ऐवज जवळजवळ सारखाच असतो. बदलतो तो पट्टा.

आता तुझा हिशेब करू. पट्टे सम आकड्यांतच येतात, म्हणून साडेअठ्ठावीसला पुढचा तीसचा पट्टा धरला, तर सदतीस वजा तीस म्हणजे सात, म्हणून तुझे माप ३० एफ. तू घालतेस ३६ बी, म्हणजे पट्टा सहा इंच सैल आणि कप दोन मापांनी लहान. सैल पट्टा छातीला खालून आधार देत नाही आणि लहान कप तिला आत मावू देत नाही, म्हणून ती वरून आणि काखेतून बाहेर येते, आणि प्रत्येक पावलाला सगळा भार खांद्याच्या दोन बारीक पट्ट्यांवर येतो. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर लांबवर नेता येते, तीच दोरीने खांद्याला टांगली तर थोड्या पावलांत खांदा कापतो. तुझ्या खांद्यावरचे वळ याच कारणाने आले आहेत. एकावर एक दोन सैल ब्रा घातल्याने एक घट्ट पट्टा तयार होत नाही. बनियनने तर छाती नुसती दाबली जाते आणि फासळ्यांना फुलायला जागा राहत नाही, मग दुसऱ्या फेरीत श्वास कुठून पुरणार?

दुकानात तुला ३६ बी का मिळाले, हेही समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी तू मान डोलावणार नाहीस. आपल्याकडे दुकानदार एक तर छातीचा घेर नजरेने ओळखून तोच आकडा देतात, नाही तर छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून पट्टा ठरवतात. ही मिळवण्याची रीत न ताणणाऱ्या कापडाच्या काळाला शोभणारी होती. कपांना ए ते डी ही अक्षरे अमेरिकेत १९३०च्या दशकात लागली. ताणला जाऊन पुन्हा जागेवर येणारा लायक्राचा धागा जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यूपॉन्ट कंपनीत १९५८ साली तयार केला. आज प्रत्येक पट्ट्यात असा ताणणारा धागा असताना वर आणखी पाच इंच कशासाठी मिळवायचे? पण ३२ ते ३८ एवढेच आकडे आणि त्यांत बहुतेक बी कप ठेवला की दुकानदाराचे काम भागते, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक बाईला त्याच चार खोक्यांपैकी एकात बसवले जाते. तुळशीबागेत जा किंवा दादरला जा, बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा दिसेल. दुकानात जे शिल्लक आहे ते तुझे माप नव्हे.

माप घेण्याची रीत नीट वाच. अंगावर कपडा नको, किंवा पातळ आणि न दाबणारा असावा. टेप छातीच्या अगदी खाली, पाठीमागेही जमिनीला समांतर, श्वास पूर्ण सोडून घट्ट धरावी, हा पट्टा. मग छातीच्या सर्वांत भरीव भागावरून टेप सैलसर धरून एकदा उभे राहून आणि एकदा कमरेतून वाकून, असे दोनदा मोजावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी, कारण भरलेली छाती उभे असताना टेपला पुरते माप देत नाही. तुझे सदतीस उभ्याचेच असेल, तर वाकून घेतलेल्या मापाने कप आणखी एखाद्या अक्षराने वाढू शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे सगळे करूनही जे निघेल ती केवळ सुरुवात असते, निकाल अंगावर घातल्यावरच लागतो.

अंगावर घातल्यावर काय पाहायचे? नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर घट्ट बसली पाहिजे, कारण धुवून धुवून पट्टा सैल पडेल तेव्हा आतले हुक उपयोगी पडतात. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. हुक लावल्यावर पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात आणावा आणि मग सरळ उभे राहावे. ही एक कृती केली की निम्म्या मुलींना आपला कप लहान असल्याचे तिथल्या तिथे कळते. तार असेल तर ती छातीभोवती पूर्ण वळली पाहिजे, छातीवर चढता कामा नये, आणि मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. शेवटी खांद्याचे दोन्ही पट्टे उतरवून उभी राहा. पट्टा जागेवरून हलला नाही तर माप बरोबर आहे. पाठीमागे तो वर चढला तर ती ब्रा परत ठेव, मग नक्षी कितीही सुरेख असो.

आता तू म्हणशील, ३० एफ आमच्या तालुक्यात कोण ठेवतो? कोणीच ठेवत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे तीसचा पट्टा मिळाला तर तो बहुधा शाळकरी मुलींसाठी असतो आणि मोठा कप मिळाला तर त्याचा पट्टा चाळीसचा असतो. बारीक पाठ आणि भरलेली छाती असलेली मुलगी जणू जन्मतच नाही. म्हणून शोधताना ३० एफ न मिळाल्यास ३२ ई शोध, त्यातला कप तोच असतो. ती आणून हुकांची पट्टी उसवून, दोन्ही बाजूंनी एक-एक इंच कापून पुन्हा शिवून घे. तुमच्या गावात ब्लाउज शिवणाऱ्या ताई असतील, त्यांना हे काम अवघड नाही. मात्र दोन इंचांपलीकडे जाऊ नकोस. ३६ची ब्रा ३० करायला गेलीस तर कप काखेकडे ओढले जातात आणि खांद्याचे पट्टे जागा सोडतात. ऑनलाइन मागवताना कप ब्रिटिश आहे की अमेरिकन ते आधी पाहा, कारण ब्रिटिश एफला अमेरिकन पद्धतीत जी म्हणतात. ज्या तक्त्यात छातीखालच्या मापात इंच मिळवायला सांगितले आहेत तो तक्ता बाजूला ठेव. परत घेण्याची सोय असेल तिथूनच मागव आणि वस्तू हाती आली की पट्टा आरामात ताणून टेपने मोज. तो तिसाच्या आसपास थांबला पाहिजे. लेबलावर काय छापले आहे याला त्यानंतर महत्त्व नाही.

धावण्यासाठी वेगळी ब्रा लागेल. पहिली स्पोर्ट्‌स ब्रा १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी केली, तीही लिंडाल यांना स्वतःला पळताना होणाऱ्या त्रासातून. इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथ विद्यापीठात या विषयावर स्वतंत्र संशोधन चालते. छाती धावताना केवळ वरखाली होत नाही, ती डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलते. तिच्यात स्वतःचे स्नायू नसल्याने त्वचा आणि आतले नाजूक बंध एवढाच तिला आधार असतो. २०१२च्या लंडन मॅरेथॉनमधल्या स्त्री धावपटूंच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणींनी छाती दुखत असल्याचे सांगितले होते. म्हणजे हे दुखणे तुझ्या एकटीचे नाही. तुझ्या मापाला डोक्यावरून चढवायची, नुसती दाबून धरणारी, स्मॉल-मीडियम-लार्ज अशी मिळणारी ब्रा चालणार नाही. दोन वेगळे कप, पाठीमागे हुक आणि रुंद पट्टे असलेली हवी. फ्रेया आणि पॅनाश या ब्रिटिश नाममुद्रांच्या ब्रा अशा मापात मिळतात, पण त्या महाग पडतात. महिन्याचा खर्च भागवून एवढे पैसे काढणे तुला कठीण आहे हे मी जाणून आहे, तरीही बुटांच्या आधी हा खर्च कर, असेच मी सांगेन. आठशे मीटरला २० गुण आहेत आणि एकेका गुणावर यादी अडते, हे तुला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आईवर रागावू नकोस. तिने तुला सैल घालायला सांगितले, कारण तिलाही कोणी कधी मोजून दिले नाही. माझी आजी खणाची चोळी घालायची आणि पुढची गाठ रोज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अंगाला बसेल तेवढी आवळायची. छातीखाली घट्ट बांधायचे हे त्या पिढीला ठाऊक होते. आकडे छापलेले खोके आले आणि ते आपल्या हातून गेले.

मी एवढी हट्टाने का बोलते, तेही लिहिते. मीही आठशे मीटरची धावपटू होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी धावणे सोडले आणि घरच्यांना वाटले, अभ्यासासाठी सोडले. मला कारण सांगता येत नव्हते, कारण ते सांगायचे असते हेच कोणी शिकवले नव्हते. चाळिशी उलटल्यावर इंग्लंडहून आलेल्या भाचीने टेप घेऊन माझे माप काढले, तेव्हा मला रडू आले. किती मुली अशाच बाजूला झाल्या असतील, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. पुढे शाळेत मुलींना खेळ शिकवताना मी टेप कपाटात ठेवू लागले, आठवीपासूनच्या प्रत्येक मुलीला स्वतःचे माप घ्यायला शिकवू लागले. काही पालकांना ते पटले नाही. बाईंनी लेझीम शिकवावी, हे उद्योग करू नयेत, असे मला तोंडावर सांगितले गेले. मी थांबले नाही आणि त्याची मला खंत नाही. उंच उडीसाठी मुलीची उंची मोजतात, गोळ्याचे वजन तोलतात, बुटांचा नंबर विचारतात, मग हे एकच माप अंदाजाने का घ्यायचे? यात अशोभनीय काय आहे, ते मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

देखभालीचे थोडक्यात सांगते. ब्रा थंड पाण्यात हाताने धुवावी, पिळू नये, ओढणीखाली दडपून दमट ठेवू नये. वारा लागेल अशा जागी मोकळी वाळत घालावी. घामाने छातीखाली लाल चट्टा उठला तर जागा कोरडी ठेव, आणि तो आठवड्याभरात गेला नाही तर डॉक्टरांना दाखव. एकाच बाजूला सतत दुखणे किंवा गाठ लागणे हे मात्र ब्राचे प्रश्न नव्हेत. तसे काही वाटले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

ऑपरेशनने छाती कमी करून घ्यावी का, हेही तू एका ओळीत विचारले आहेस. तो मार्ग असतो आणि काही जणींना त्याची खरी गरज असते, पण ज्या मुलीने आजवर आपल्या मापाची ब्रा एकदाही घातलेली नाही तिने तो प्रश्न आज विचारू नये. आधी पट्टा.

या रविवारी वाकून घेतलेले माप मला कळव. बत्तिसाची ब्रा मिळाली की पट्टा कापण्यापूर्वी ती बाहेरच्या हुकावर लावून, आरशाकडे पाठ करून उभी राहा आणि पट्टा मागे कुठवर चढतो ते लिही. किती कापायचे ते आपण त्यावरून ठरवू. तोवर आठशे मीटर पळू नकोस, गोळ्याचा सराव चालू ठेव.

तुझ्या
बाई