सेमीकोलन आधी की नंतर?

सॅट, म्हणजे अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी मुलं देतात ती परीक्षा, शनिवारी होते आणि सोमवारी माझा फोन वाजू लागतो. बहुतेक फोन आयांचे असतात. "घरी आला तेव्हा पेपर बरा गेला म्हणाला हो, मग मित्रांशी उत्तरं ताडून बघितली आणि तेव्हापासून धड जेवतही नाहीये." न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांमधून हे मी दर वर्षी ऐकते. गणिताबद्दल सहसा कुणी रडत नाही, कारण तिथे उत्तर आलं तर आलं. व्याकरणाच्या प्रश्नांवरून मात्र मुलं झोप घालवतात.

एका मुलाचं सांगते. त्याला ओंकार म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. अकरावीतला, हुशार, थोडा हट्टी. आईबरोबर आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "काकू, मी सेमीकोलन हाउएवरच्या नंतर टाकला. ग्रुपमधल्या चौघांनीही आधी टाकलाय." (सेमीकोलन म्हणजे अर्धविराम, आणि हाउएवर म्हणजे आपल्या 'मात्र'सारखा इंग्रजी शब्द.) फोनवर त्याने चक्क तक्ता केला होता. प्रत्येक ओळीत एक प्रश्न, पुढे मित्रांची नावं आणि त्यांचे पर्याय, आणि जिथे याचं उत्तर वेगळं तिथे लाल टिंब. अशी सहा टिंबं. त्यावरून हिशेबही मांडून झाला होता: सहा चुकले, म्हणजे 800 पैकी 700 च्या खाली, म्हणजे आवडतं कॉलेज गेलं.

मी त्याला फोन खाली ठेवायला सांगितलं. परीक्षेतले प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत हे सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला मान्य करूनच मुलं पेपर देतात, आणि ते मोडलं तर गुण रद्द होऊ शकतात. आईला हे नवीनच होतं. "अहो, आम्ही बोर्डाचा पेपर सुटला की गेटवरच प्रश्नपत्रिका उघडून बसायचो!" बरोबर आहे. तिथे प्रश्नपत्रिका हातात असायची, सगळ्यांची सारखी असायची आणि संध्याकाळी क्लासचे सर ती सोडवून दाखवायचे. इथे मार्च 2024 पासून सॅट ब्लूबुक अ‍ॅपवर होते. पेपर संपला की हातात काही उरत नाही. शिवाय मुलामुलाचे प्रश्न वेगळे असतात, आणि दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे पहिल्या भागातल्या उत्तरांवर ठरतं. त्या चौघांनी ओंकारचंच वाक्य पाहिलं होतं कशावरून?

तरी त्याचं समाधान होईना. मग मी कागदावर माझीच दोन वाक्यं लिहिली.

"शी वॉज टायर्ड; हाउएवर, शी केप्ट वॉकिंग."

"एव्हरीवन थॉट शी वॉज टायर्ड. शी वॉज नॉट, हाउएवर; शी वॉज बोअर्ड."

पहिल्यात ती दमलेली असूनही चालत राहिली, म्हणून हाउएवर पुढच्या वाक्याला चिकटतो आणि सेमीकोलन त्याच्या आधी येतो. दुसऱ्यात लोकांना वाटलं ती दमली, पण तसं नव्हतं. तो हाउएवर मागच्या वाक्याशी भांडतोय, म्हणून सेमीकोलन नंतर. दोन्ही बरोबर. ओंकारने दोनदा वाचलं. "मग माझं यातलं कुठलं होतं?" मी म्हटलं, "तूच सांग." बराच वेळ गप्प बसला. "वाक्य आठवत नाहीये. हाउएवर आठवतोय."

मुलांच्या या ताडून बघण्यातली गोम इथेच आहे. लक्षात पर्याय राहतो आणि ज्या वाक्यावर तो पर्याय अवलंबून होता ते वाक्य विसरलेलं असतं. त्यात एखादा मित्र ठासून बोलला की आपली आठवणही त्याच्या बाजूला सरकते. रविवारी ओंकारला नक्की आठवत होतं की त्याने एका ठिकाणी 'हॅज' निवडलं. माझ्याकडे आला तोवर ते 'हॅव' झालं होतं.

त्याचा हिशेबही टिकणारा नव्हता. वाचन-लेखनाच्या 54 प्रश्नांपैकी 4 नुसते चाचपणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कुठले हे मुलांना कळत नाही. उरलेल्यांतही कुठला अवघड प्रश्न बरोबर आला आणि कुठला सोपा चुकला यावर गुण ठरतात. एक चूक म्हणजे अमुक गुण गेले, असं गणित नसतं.

कळलं म्हणून लगेच वळत नाही. दर वेळी ग्रुप उघडला की दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग नवी शंका येते, हे खाज खाजवण्यासारखं आहे. ग्रुप सोडायला तो तयार नव्हता ("मग मीच चुकलो असं वाटेल ना त्यांना"), म्हणून फक्त आवाज बंद केला. काळजीसाठी रोज संध्याकाळी वीस मिनिटं ठरवली: वहीत जे येईल ते लिहायचं, वेळ संपली की वही बंद. दिवसा विचार आला की "सातला बघू". पहिले काही दिवस त्याला हा पोरखेळ वाटला. आईनेही एक गोष्ट बंद केली, जेवताना "तुला काय वाटतं रे, किती पडतील?" विचारणं. खरी अडचण वडिलांची निघाली. ते रात्री एकटेच बसून गुणांचे अंदाज देणारी कोष्टकं चाळत होते आणि सकाळी मुलाला आकडा सांगत होते. त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं.

साधारण दोन आठवड्यांनी निकाल आला. त्याच्या हिशेबापेक्षा बरा होता, आईच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी. निकालात कुठल्या प्रकारात कितपत जमलं हे दिसतं. एकेक प्रश्न दिसत नाही. त्यामुळे त्या हाउएवरचा निकाल काही लागला नाही.

आया आणखी एक हमखास विचारतात: गुण रद्द करून टाकू का? परीक्षेनंतरच्या गुरुवारी रात्रीपर्यंत ती सोय असते, म्हणजे नेमकी घालमेल शिगेला पोचलेली असताना. एकदा रद्द केलेले गुण परत मिळत नाहीत, आणि ते किती होते हेही कधी कळत नाही. परीक्षेत तब्येत बिघडली, पेपर अर्धवट राहिला, तर विचार करावा. मित्रांच्या उत्तरांवरून करू नये. बऱ्याच कॉलेजांना कुठल्या वेळचे गुण पाठवायचे हे मुलाच्या हातात असतं, आणि पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतले प्रत्येक विभागाचे सर्वांत चांगले गुण धरतात. काही कॉलेजं मात्र सगळे गुण मागतात, तेवढं आधी बघून घ्यावं.

मूल चार दिवस चिडचिडं झालं तर होऊ द्या. पण निकाल लागूनही झोप येत नसेल, शाळा टाळत असेल, किंवा "माझा काही उपयोग नाही" असं बोलू लागलं असेल, तर शाळेतल्या समुपदेशकांना आणि डॉक्टरांना लगेच गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर अमेरिकेत 988 हा मदतीचा फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तेव्हा माझ्या सोमवारच्या वेळेची वाट बघू नका.