गुळवेलीच्या अर्काला झोन आला, आता इम्युनिटीची चाचणी कशी करायची?

तुम्ही नाशिकला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करताय. गुळवेलीच्या इथेनॉल अर्काला स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर 14 मिमी झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला, ई. कोलायवर काहीच नाही. याच अर्काने प्रतिकारशक्ती वाढते हे दाखवायचं कसं, असं विचारलंय.

याच अर्काने दाखवायला जाऊ नका. गुळवेलीतले मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या प्रतिकार-पेशींना) चेतवणारे पॉलिसॅकराइड (लांब साखळीच्या शर्करा) पाण्यात उतरतात, इथेनॉलमध्ये नाही. त्यामुळे खोड एकच, पण अर्क दोन करा. पाण्याचा अर्क आटवून, गार करून त्यात तिप्पट इथेनॉल घाला आणि रात्रभर 4 अंशांवर ठेवा. खाली जो साका बसेल तो इम्युनिटीसाठी. इथेनॉल अर्क जंतूंसाठी.

आता त्या झोनकडे बघू. 14 मिमीत विहिरीचे (अर्क घालायच्या खड्ड्याचे) 6 मिमी धरलेत का? शेजारच्या विहिरीत नुसतं डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक), तेवढंच, घातलं होतं का? नसेल तर तो आकडा अजून लिहू नका. म्युलर-हिंटन अगर (जंतू वाढवायचं घट्ट माध्यम) 4 मिमी जाडीचा हवा, कल्चर 0.5 मॅकफार्लंड इतक्या गढूळपणाचं आणि 15 मिनिटांत पसरलेलं. ई. कोलायचं मनाला लावून घेऊ नका. ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं आवरण बरेच वनस्पतिजन्य घटक आत येऊ देत नाही. शिवाय तेलकट घटक अगरमध्ये पसरतच नाहीत, म्हणून झोनच्या आकारावरून दोन अर्कांची तुलना करता येत नाही. तुलना करायची तर एमआयसीच (जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) काढा: 96 विहिरींची प्लेट, शेवटचं प्रमाण मिलीला 5 लाख जंतू, डीएमएसओ 1 टक्क्याच्या आत, 35 अंशांवर 16 ते 20 तास. कंट्रोलसाठी प्रमाणित जंतू: एटीसीसी 29213 (स्टॅफ. ऑरियस) आणि 25922 (ई. कोलाय).

अर्क गडद असल्यामुळे गढूळपणा दिसत नाही, म्हणून सगळे रेझाझुरिन हा रंग घालतात. जिवंत जंतू त्याचा निळा रंग गुलाबी करतात, पण अर्कातले पॉलिफिनॉलही तेच करू शकतात. अर्क, ब्रॉथ आणि रंग, पण जंतू नाहीत, अशी एक ओळ ठेवाच. तीही गुलाबी झाली तर रंगाचा नाद सोडा आणि प्रत्येक विहिरीतले 10 मायक्रोलिटर अगरवर टाकून वाढ बघा.

इम्युनिटीच्या भागात सगळ्यात जास्त फसवतं ते एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आवरणातलं एलपीएस. खोडावर मातीतले ग्रॅम-निगेटिव्ह जंतू असतातच. त्यांचं एलपीएस उकळून जात नाही, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, आणि मिलीमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी मॅक्रोफेज खवळतात. मग श्रेय गुळवेलीला आणि काम जंतूंचं! काचेची भांडी 250 अंशांवर अर्धा तास कोरडी भाजून घ्या. ऑटोक्लेव्ह पुरत नाही. रॉ 264.7 पेशी (उंदराचे मॅक्रोफेज) पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून मिळतात. आधी एमटीटीने (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) मात्रा विषारी नाही ना ते बघा (इथेही पेशींविना अर्काचा कंट्रोल हवा). मग 24 तासांनी ग्रीस अभिकर्मकाने 540 नॅनोमीटरवर नायट्राइट (चेतलेल्या मॅक्रोफेजची खूण) मोजा. हेच पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निकामी करणारं औषध), मिलीला 10 मायक्रोग्रॅम, घालून पुन्हा करा. नुसत्या एलपीएसलाही तेच घाला, म्हणजे पॉलिमिक्सिन काम करतंय हे कळेल. अर्काचं नायट्राइटही कमी झालं तर ते एलपीएसचं होतं. टिकलं तर पुढे टीएनएफ-अल्फा (मॅक्रोफेज सोडतात ते दाहकारक प्रथिन) मोजायच्या एलायझा चाचणीवर पैसे घाला. एंडोटॉक्सिन शोधायची साधी एलएएल चाचणी वनस्पतींच्या काही ग्लुकानने खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

नमुन्याचंही सांगतो. त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात आणलेलं खोड जाड तुकड्यांत वाळत ठेवलं की आतून बुरशी धरते, आणि बुरशीचे पदार्थही झोन देतात. पातळ चकत्या करा, 40 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. खोडावर चामखिळीसारखे फोड भरपूर असतील तर ती गुळवेल नसून तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, म्हणून पानांसकट एक फांदी दाबून पुण्याच्या बीएसआयमधून (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ओळख पटवून घ्या. हे अर्क करायच्या आधी, प्रबंध लिहिताना नाही.