रिंग रोडच्या नावावर तीन गुंठे घ्यायचे का?

दादा, तुम्ही लिहिलंय की बेळगावजवळ हलग्याच्या पुढं तीन गुंठे १८ लाखाला मिळतायत, एजंट म्हणतोय शहराभोवतीचा रिंग रोड झाला की तीन वर्षांत डबल, आणि त्यासाठी १२ लाखाची एफडी मोडून वर वहिनींच्या सोन्यावर ६ लाख काढायचा विचार आहे. माझं मत आधीच सांगतो, सोन्याला हात लावू नका.

रस्त्यामुळं जमिनीला भाव येतो हे खरंच आहे. हायवे नसता तर त्यावरची काकती-होनगा ही गावं आज अशी दिसली असती काय? पण भाव येतो तो गाडी जिथं खाली उतरते तिथं, रस्ता नुसता शेजारून गेला म्हणून नाही. मागं एका ओळखीच्यांबरोबर असाच एक प्लॉट बघायला गेलो होतो, कोपऱ्यावर पांढरे दगड रोवलेले, मुरूम टाकलेला, ट्रकचे हॉर्न अगदी कानाशी, पण त्या रस्त्यावर चढायचं तर मागं गावातनं फिरून जायचं, कारण सर्व्हिस रोडच नव्हता! म्हणून तुमच्या तीन गुंठ्यापासनं चढायची जागा किती लांब आहे ते स्वतः गाडी घालून बघा, एजंटच्या मोबाईलमधल्या नकाशावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे वेळ. हलगा-मच्छे बायपासचं काय झालं ते तुम्ही वडगावचे, तुम्हाला मी काय सांगू, पिकाची जमीन जाते म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, काम कितीदा थांबलं. कित्तूरवरनं धारवाडला जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गालाही देसूर, गर्लगुंजीकडं विरोध झालाच. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आमच्या बासमतीची जमीन परत मिळणार आहे काय? पण तुमच्या हिशेबात तीन वर्षं धरली आहेत आणि सहा लागली तर काय ते बघा. एफडीचं साडेसहा टक्क्यानं वर्षाला ७८ हजार व्याज बुडालं, सोन्याच्या कर्जाचं दहा टक्के धरलं तर ६० हजार भरायचे, म्हणजे वर्षाला १ लाख ३८ हजार. तीन वर्षांनी २२ लाखाच्या वर विकला तरच मुद्दल सुटलं, सहा वर्षं लागली तर २६ लाखाच्या पुढं, आणि स्टँप-रजिस्ट्रीचा खर्च वेगळा. त्यात रस्ता येणार ही बातमी भावात आधीच मोजलेली असते, ती तुम्ही आजच विकत घेताय.

आता कागद. एनए म्हणजे बिगरशेती न केलेल्या शेताचे तुकडे पाडून नोटरीवर किंवा वटमुखत्यारपत्रावर विकत असतील तर मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच हे स्पष्ट केलंय. उतारा, ईसी (जमिनीवर बोजा आहे का त्याचा दाखला), अकरा-ई स्केच (मोजणीचा नकाशा), एनए ऑर्डर आणि बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी, यातलं एक जरी "नंतर देतो" म्हणाले तर उठून या. आणि खरेदीपत्रात निम्मीच रक्कम दाखवू म्हणतायत त्याला तर अजिबात हो म्हणू नका, जमिनीत २० हजार किंवा त्यावर रोख चालत नाही, आणि उद्या तीच जमीन संपादनात गेली तर भरपाई ठरवताना रजिस्टर झालेले व्यवहार बघतात, वरचे रोख दिलेले कुठं मोजणार?

जमीनच घ्यायची हौस असेल तर मला विचाराल तर एफडीतले ८ लाख बाजूला काढा, ४ लाख घरात अडीनडीला राहू देत, आणि बुडा-मंजूर लेआउटमध्ये जवळपास लहान प्लॉट मिळतो का बघा, जिथं आज बस येते, नळ आहे, शेजारी दोन घरं उभी आहेत. नाहीच मिळाला तर थांबा, एफडी कुठं पळून जात नाही की ओ. टोकन दिलं नसेल तर देऊ नका, दिलं असेल तर पावती आणि सर्व्हे नंबर मला पाठवा, त्या नंबरावर संपादनाची नोटीस निघालीय का ते आधी बघू.