सात साते एकोणपन्नास

"मॅडम, भीम आणि मी एकाच वयाचे. सात साते एकोणपन्नास. मग त्याचेच पाय का गेले?"

ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत कुत्रा निघाला. (त्याचं नाव मी बदललंय.) भीम ग्रेट डेन, सात वर्षांचा, साठ किलोचा. उठताना कण्हायचा, जिन्यापाशी थबकायचा. शेजारची पॉमेरेनियन तेरा वर्षांची, तरी अजून कुरिअरवाल्यावर धावून जाते. शेजारीण म्हणाली, तुम्ही पोळी-दूध घालता ना, त्याचंच हे. ताईंनी ते मनाला लावून घेतलं.

अपराधीपणाशी मी सहसा वाद घालत नाही. पण हा उभा होता चुकीच्या पाढ्यावर, म्हणून आधी पाढा मोडला.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे सरसकट खरं नाही. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरच्या वयाच्या खुणा माणसांशी ताडून पाहिल्या. वर्षाचा लॅब्रॅडॉर माणसाच्या तिशीत पोचलेला निघाला. पुढे मात्र वेग मंदावतो. शिवाय सगळ्या जाती एका मापाच्या नाहीत. 2013 मध्ये 74 जातींची तुलना झाली, त्यात जातीच्या वजनात दर 2 किलो वाढीमागे आयुष्य साधारण महिनाभराने घटलेलं दिसलं. थोराड कुत्री भरभर म्हातारी होतात. ग्रेट डेन बहुधा आठ ते दहा वर्षं जगतो, पॉमेरेनियन सहज बारा-चौदा. म्हणजे भीम एकोणपन्नासचा नव्हताच, तो आजोबा झाला होता.

मला वाटलं, आता त्यांना हलकं वाटेल. त्या रडायलाच लागल्या. "म्हणजे आता थोडेच दिवस?"

माझी घाई झाली होती. 'माझं चुकलं' म्हणत होत्या तोवर काहीतरी त्यांच्या हातात होतं; मी तेही काढून घेतलं. पुढच्या दोन भेटी आम्ही फक्त भीमबद्दल बोललो. तो पिल्लू असताना कुशीत कसा मावायचा, तेसुद्धा.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगितली: वय झालं म्हणून कण्हणं सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सांध्यांचा त्रास निघाला. औषध सुरू झालं, वजन थोडं उतरवलं, गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या आल्या. जिना बंद झाला, तशी ताईंनी आपली गादीच खाली हॉलमध्ये आणली.

झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, "तो घोरतो हो, जाग येते. पण लगेच परत डोळा लागतो."