बँजो घेतला, पण टकाटक वाजेना!

प्रश्न: सांगलीत राहतो, पाच तारांचा अमेरिकन बँजो घेतलाय. क्लॉहॅमर, म्हणजे बँजो वाजवायची ती जुनी पद्धत, जमत नाही, नुसता खडखडाट. शेजारचे विचारतात वरातीची सुपारी घेतली का! आणि जुन्या धून वाजवून ग्रुपवर टाकल्या तर चालतं का?

उत्तर: शेजाऱ्यांचं चुकलं नाही ओ, आपल्याकडे बँजो म्हणजे वरातीतला बटणांचा बुलबुल तरंग, तुमचा वेगळा, त्याचं मूळ आफ्रिकेतनं गुलाम करून नेलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. आता खडखडाट. तुम्ही बहुतेक तार वर ओढताय, गिटारसारखी. क्लॉहॅमरमध्ये बोट आकड्यासारखं वाकवून नखाची पाठ तारेवर खाली मारायची, पहिल्यांदा एकच तार, मग दोन-तीन तारांवर झटका, आणि लगेच अंगठ्यानं ती आखूड पाचवी तार सोडायची, बम्-डि-टी, बस. हात मनगटातनं हलवा, बोटं उघडू-मिटू नका. पाचवी तार म्हणजे आपलं तुणतुणंच समजा, एकच सूर धरून बसते. तारा ओपन जी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे जी हा सा धरून, लावल्यात तर पाचवीपासून पहिलीपर्यंत वरचा सा, खालचा प, सा, ग, प. दुसऱ्या तारेचा ग चढवून म केला की सॉमिल ट्यूनिंग, त्यात जुन्या उदास धून लई गोड लागतात. आठवडाभर फक्त बम्-डि-टी करा, धून नंतर.

टाकायचं म्हणाल तर खुशाल टाका, पारंपरिक धुनेचा मालक कुणी नसतो. पण दुसऱ्याचं रेकॉर्डिंग उचलून नको, स्वतः वाजवलेलं टाका आणि कुणाचं ऐकून शिकलात ते नाव लिहा, घराणं सांगतो तसं. ट्यूनिंगही लिहा, नाहीतर ऐकणारा तारा पिळत बसतो.